टाकी फुल केली की गाडीत पेट्रोलचा वास येतो, पण खाली थेंबही दिसत नाही. लीकेज कुठे असेल?

तुम्ही लिहिलंय की गाडी 2012ची पेट्रोल हॅचबॅक आहे आणि टाकी अर्ध्यावर आली की वास आपोआप जातो. निम्मं उत्तर यातच आहे. टाकीला तळाला भोक असतं तर अर्ध्या टाकीलाही गळलं असतं, म्हणजे लीक टाकीच्या वरच्या अंगाला आहे.

आधी मागच्या सीटखाली बघा. बऱ्याच हॅचबॅकमध्ये सीटची गादी उचलली की पत्र्याचं एक झाकण दिसतं, त्याखाली फ्युएल पंप बसवलेला असतो (काही गाड्यांत झाकण नसतं, मग टाकी खाली उतरवावी लागते). झाकण काढल्यावर पंपाच्या कडेने साचलेली धूळ नीट बघा, सगळीकडे कोरडी भुरभुरीत आणि एकाच बाजूला ओली, काळपट, चिकटलेली असेल तर तिथला सील गेलाय. पेट्रोलची नळी जिथे पंपाला जोडलीय तिथेही बघा, प्लॅस्टिकला केसाएवढी चीर जाते आणि ती नुसत्या डोळ्यांना पटकन दिसत नाही. पुसून कोरडं करून वर खडूची पावडर भुरभुरवा, जिथून पाझरतं तिथे पावडर लगेच ओली दिसते.

तिथे काही नसेल तर पेट्रोल भरतो तिथून टाकीकडे जाणारा जाड रबरी पाईप आणि त्याच्या शेजारचा हवेचा बारीक पाईप बघा, मागच्या चाकाच्या वर आत असतात, चिखल बसून क्लिप गंजते आणि रबराला तडे जातात. जुन्या गाडीत हे जास्तच बघायला हवं कारण आता पेट्रोल पंपावर ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं आणि एप्रिल 2023च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांचं रबर त्या हिशोबाने बनवलेलं नाही. पावसाळ्यात गाडी उभी होती का? उंदीर पाईप कुरतडतात, हे मी कितीतरी गाड्यांत बघितलंय.

आणि एक विचारतो, पेट्रोल पंपावर ऑटो कट झाल्यावर राउंड फिगरसाठी अजून भरून घेता का? ते बंद करा. ते जास्तीचं पेट्रोल कॅनिस्टर नावाच्या डब्यात जातं, त्यातला कोळसा फक्त वाफ शोषण्यासाठी असतो, तो भिजला की कित्येक दिवस वास येत राहतो आणि आपण लीक शोधत बसतो.

वास इंजिन चालू असतानाच आला असता तर मी वेगळं सांगितलं असतं, कारण तेव्हा इंजेक्टरकडे जाणाऱ्या लाईनमध्ये साधारण 3 बार प्रेशर असतं आणि लीक बहुतेक बॉनेटखाली निघतं. खाली थेंब नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका, थोडं पेट्रोल तापलेल्या पत्र्यावर पडलं की जमिनीवर पोचायच्या आत उडून जातं.

आता हे मात्र मनावर घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते, बेसमेंटमध्ये तर निघतच नाही, म्हणून हे सगळं उघड्यावर करा, इंजिन थंड असताना, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून. उजेडाला साधा तापणारा बल्ब अजिबात नको, एलईडी टॉर्च घ्या. पाईप स्वतः सोडवू नका, लाईनमध्ये प्रेशर राहिलेलं असतं, पेट्रोल थेट डोळ्यात उडतं. थेंब सलग पडायला लागले तर गाडी चालू करू नका, टो करून न्या. कोणी तात्पुरता पाण्याचा रबरी पाईप लावून देतो म्हणाला तर नको म्हणा, तो पेट्रोलमध्ये फुगून सुटतो, फ्युएलचाच पाईप आणि त्याचीच क्लिप पाहिजे.

गॅरेजमध्ये "वास येतो" एवढंच सांगू नका, फुल टाकीलाच येतो हे सांगा. आणि दाखवायला फुल टाकीनेच न्या, काचा उघड्या ठेवून, नाहीतर मेकॅनिकला काही सापडणार नाही आणि तो गाडी तशीच परत देईल. पंप उघडायचं ठरलं की मात्र टाकी रिकामी होईपर्यंत थांबा, किंवा पेट्रोल काढूनच उघडायला सांगा.