जुना फोन एवढ्यात देऊ नका

प्रश्न : माझा जुना अँड्रॉइड फोन सारखा हँग होतो म्हणून मुलाने नवीन घेऊन दिलाय, तोही अँड्रॉइडच. दुकानातला मुलगा म्हणतो, काकू जुना एक्स्चेंजला टाका, डेटा मी अर्ध्या तासात टाकून देतो. पण व्हॉट्सअ‍ॅपवर आमच्या ह्यांचे व्हॉइस मेसेज आहेत, ते आता नाहीत, ते मेसेज गेले तर मला चालणारच नाही. गूगलचं स्टोरेज फुल असंही येतंय. काय करू?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : ताई, आधी एकच करा, जुना फोन देऊ नका. आठवड्याने आणते म्हणून सांगा, ऐकत नसतील तर एक्स्चेंज राहू दे, चार पैसे कमी मिळाले तरी चालतील.

गूगलची फुकट जागा १५ जीबी, त्यात जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळं आलं आणि अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपसुद्धा त्यातच मोजतात. जागा भरली की बॅकअप थांबतो आणि आपल्याला वाटत राहतं रोज होतोय. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप इथे शेवटची तारीख दिसते, ती आजच बघा. जुनी असेल तर त्या बॅकअपच्या भरवशावर अजिबात राहू नका.

तुमच्यासाठी बरा मार्ग म्हणजे फोनमधून थेट फोनमध्ये. दोन्ही चार्जिंगला लावा, वायफाय चालू ठेवा. जुन्यात सेटिंग्ज, चॅट्स, ट्रान्सफर चॅट्स उघडा, नव्यात व्हॉट्सअ‍ॅप टाकून तोच नंबर द्या, जुन्या फोनवरून चॅट आणायचे का विचारेल तिथे घाईत स्किप करू नका, मग नव्यावर क्यूआर कोड येतो तो जुन्याने स्कॅन करायचा. यात गूगलची जागा लागतच नाही.

पण ह्यांचा आवाज एवढ्यावर सोडू नका, हे सगळं करायच्या आधीच तो वेगळा काढा. जुन्या फोनच्या फाइल्स अ‍ॅपमध्ये अँड्रॉइड, मीडिया, कॉम डॉट व्हॉट्सअ‍ॅप, त्यात व्हॉट्सअ‍ॅप, परत मीडिया आणि मग व्हॉइस नोट्स असा फोल्डर आहे. आत आठवड्यावार फोल्डर आणि पीटीटी, पुढे तारीख अशा नावाच्या फाइल्स. नावावरून तारीख कळते, बोलतंय कोण ते कळत नाही, म्हणून निवडत बसू नका, अख्खा फोल्डर मुलाच्या लॅपटॉपवर घ्या आणि एक कॉपी पेनड्राइव्हवर. फोनला लागणारा ओटीजी पेनड्राइव्ह बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी कुठल्याही दुकानात मिळेल. फाइल वाजत नसेल तर व्हीएलसी नावाच्या प्लेअर अ‍ॅपमध्ये वाजते. मग सवडीने ऐकून नावं द्या.

बाकी फोटो-कॉन्टॅक्ट नवा फोन सुरू करताना केबल लावून येतात, फक्त काही नंबर सिमवरच सेव्ह असतात ते बघून घ्या. यूपीआय मात्र कॉपी होत नाही, सिम नव्या फोनात घालून परत रजिस्टर करावं लागतं आणि पहिले २४ तास साधारण ५,००० रुपयांपर्यंतच पाठवता येतात, त्यामुळे मोठं बिल त्या दिवशी ठेवू नका.

नव्या फोनवर ह्यांचे चार-पाच जुने मेसेज स्वतः वाजवून बघा. ते वाजले की मगच जुन्यातलं सिम आणि मेमरी कार्ड काढा, गूगल अकाउंट रिमूव्ह करा, नाहीतर रीसेटनंतर फोन परत तुमचाच पासवर्ड मागत बसेल, आणि मग फॅक्टरी रीसेट. हे घरीच मुलाला बसवून करा, दुकानात कुणाला पिन सांगू नका.