वैद्यकीय प्रतिमा की गेम? एका विद्यार्थिनीच्या पत्राला उत्तर

प्रिय विद्यार्थिनी,

संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षात असताना तुम्ही प्राध्यापकांच्या प्रकल्पात सीटी स्कॅनमधील फुप्फुसांच्या गाठी ओळखण्याचे काम करता, मैत्रिणींसोबत त्रिमितीय गेमही बनवता, आणि ‘दोन डगरींवर हात ठेवू नकोस’ असे वडील बजावतात, असे तुम्ही लिहिले आहे. वडिलांची काळजी रास्त आहे. मात्र या दोन डगरी वाटतात तितक्या लांब नाहीत. स्कॅनच्या थरांतून अवयवाचा पृष्ठभाग उभा करणारी ‘मार्चिंग क्यूब्ज’ ही पद्धत लोरेन्सन आणि क्लाइन यांनी १९८७ मध्ये वैद्यकीय प्रतिमांसाठीच मांडली, आणि पुढे गेममधील गुहा व खोदता येणारी जमीन घडवायलाही ती वापरली गेली.

फरक आहे तो कामाच्या सवयींत, आणि तो नीट ओळखायला हवा. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या गेममध्ये एका चित्रासाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात, त्यामुळे डोळ्यांना पटेल ते चालते. स्कॅनमध्ये मात्र ऊतींची घनता दाखवणाऱ्या हाउन्सफील्ड मापनात हवेचे मूल्य उणे १०००, पाण्याचे शून्य, असा प्रत्येक आकडा अर्थ बाळगून असतो. तो २५६ छटांच्या टेक्श्चरमध्ये, म्हणजे गेममध्ये पृष्ठभागावर चढवायच्या चित्रात, कोंबला की चित्र देखणे दिसते, पण लगतच्या ऊतींमधील बारीक फरक पुसला जाऊ शकतो. तसेच, एकाच रुग्णाच्या स्कॅनचे काही थर गाठी ओळखणाऱ्या मॉडेलच्या प्रशिक्षणात आणि काही चाचणीत गेले, तर त्याची अचूकता फसवी निघते. संशोधनाच्या मुलाखतीत हे विचारले जाऊ शकते.

माझे स्पष्ट मत असे, की यंदा संशोधनाला अग्रक्रम द्यावा, कारण प्राध्यापकांचे रोजचे मार्गदर्शन पदवीनंतर सहजी मिळत नाही. गेम सोडू नका. फक्त तो इतका लहान ठेवा, की पूर्ण होऊन इतरांना खेळायला देता येईल.

त्याबरोबर दोन्हींना जोडणारा एक प्रकल्प हाती घ्या. एलआयडीसी या फुप्फुसांच्या सीटी स्कॅनच्या खुल्या, रुग्णांची ओळख पुसलेल्या संग्रहात चार रेडिओलॉजिस्टांनी स्वतंत्रपणे गाठी नोंदवल्या आहेत, आणि त्यांचे सगळीकडे एकमत नाही. या चौघांच्या सीमारेषा चार रंगांत दाखवणारा, फिरवून पाहता येणारा दर्शक गेम इंजिनमध्ये बनवा. शेडर, म्हणजे पडद्यावरील रंग व प्रकाश ठरवणारा छोटा प्रोग्रॅम, मात्र स्वतः लिहा. प्राध्यापकांकडील रुग्णालयाची माहिती त्यात लेखी परवानगीशिवाय वापरू नका. पुढील शिक्षणाच्या अर्जात हा प्रकल्प सर्वांत वर ठेवा, आणि वडिलांनाही तो चालवून दाखवा.