आठवी-नववीची मुलं शाळेत मोबाइल आणतात. सरसकट बंदी घालावी का?

माझ्या मते आणायला बंदी नको, वापरायला हवी. लांबून एसटीने येणाऱ्या मुलीकडे फोन असणं ही घरच्यांची खरी गरज असते. फेब्रुवारी 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही जवळपास हेच म्हटलं: संपूर्ण बंदी व्यवहार्य नाही, पण शक्य असेल तिथे फोन शाळेत जमा करून घ्यावेत आणि वर्गात वापर नसावा.

जमा करण्याची पद्धत मात्र चोख हवी, कारण वाद तिथेच होतात. फोन बंद करून, हजेरी क्रमांकाच्या कप्प्यात, वहीत नोंद करून ठेवायचा. कपाटाची किल्ली एकाच शिक्षकाकडे. निरोपासाठी शाळेचा एक नंबर पालकांना द्या आणि तो खरोखर उचला! नाहीतर पालकच मुलाला चोरून फोन देतात. चोरून वापरताना सापडला तर फोन पालकांच्या हातात द्या, पण मुलाचे मेसेज वर्गासमोर वाचू नका. तो अपमान मुलं विसरत नाहीत.

शिक्षकांनीही तासाला फोन बाहेर काढू नये. आणि गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं आधी थांबवा, फळ्यावर लिहा. आपणच संध्याकाळी मुलांच्या हातात फोन देतो.

घरच्या वेळेसाठी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं उदाहरण पालकसभेत जरूर सांगा. 2022 पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवले जातात, मोठ्यांचेसुद्धा.