खाड्यांची वही

"मॅडम, मधलं एक वर्ष कसं लपवू?"

जानेवारी-फेब्रुवारीत हा प्रश्न माझ्या केबिनमध्ये हमखास येतो. एमबीएच्या पहिल्या वर्षाच्या मुलांच्या समर इंटर्नशिपच्या मुलाखती तेव्हा चालू असतात. काम जेमतेम दोन महिन्यांचं, पण त्यातून पुढे नोकरीची ऑफर मिळू शकते, म्हणून मुलं धास्तावलेली असतात. कुणाचा गॅप नीटच्या दुसऱ्या प्रयत्नात गेलेला, कुणाचा आजारपणात, कुणाचा बॅकलॉगमध्ये.

ही मुलगी लातूरची. (तिला विचारूनच लिहितेय, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) २०२१ला बीकॉम, २०२२ला पुण्यात एमबीएला प्रवेश. मधल्या वर्षाचं विचारलं की ती सांगायची, "एमपीएससीची तयारी करत होते." पहिल्या कंपनीत ते खपलं, निवड मात्र झाली नाही. दुसऱ्या कंपनीतल्या बाईंनी सहज विचारलं, "पूर्वपरीक्षेत सीसॅटच्या पेपरला किती मार्क पडले होते?" त्यानंतर आपण काय बोललो ते तिला आठवतच नव्हतं. ग्लासभर पाणी संपवलं, एवढंच आठवत होतं.

पहिल्या भेटीत मीही चुकले. परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम अशी उत्तराची चौकट तिला दिली आणि घोकून घेतली. पुढच्या आठवड्यात ती पोपटासारखं बोलायला लागली. खोटं अधिक सफाईने सांगता येऊ लागलं, इतकंच.

दुसऱ्या भेटीत सराव बाजूला ठेवला. "त्या वर्षी सकाळी उठून काय करायचीस?" असं विचारलं. ती रुमालाची गुंडाळी करत राहिली. मग म्हणाली, "मेस."

वडिलांची अँजिओप्लास्टी झाली होती. करोनानंतर क्लासेस पुन्हा भरू लागले होते, नीट-जेईईची पोरं लातुरात परतत होती, आणि घरची मेस बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. आई स्वयंपाक बघायची. गंजगोलाईच्या बाजारातून किराणा आणणं, पैसे, मेंबर हे सगळं हिच्याकडे. नातेवाइकांना मात्र सांगितलेलं, पोरगी एमपीएससी करतेय. बीकॉम झालेली मुलगी डबे भरते, हे वडिलांना सांगवत नव्हतं. म्हणजे खोटं मुलाखतीसाठी रचलेलं नव्हतंच, ते घरून आलं होतं.

मी म्हटलं, "भांडणं कशावरून व्हायची?"

"खाड्यांवरून!" आणि मग ती थांबेना. मेसवर जेवलेल्यांना खाडा माहीत असतो. गावाला गेलात की तेवढ्या दिवसांचे पैसे वजा. पण पोरं महिनाअखेरीला येऊन सांगायची, "ताई, मी चार दिवस नव्हतो." अन्न तर शिजून गेलेलं. हिने नियम केला: आदल्या रात्री नऊच्या आत ग्रुपवर कळवा, नाहीतर खाडा नाही. वेगळी वही घातली. रोज सात-आठ जणांचं अन्न उरायचं, ते दोनवर आलं. शिवाय नीट झाली की पोरं गावी जातात आणि मेस ओस पडते; त्या वर्षी ती जुलैत होती, म्हणून जूनपासून डाळ-तांदूळ पंधरा दिवसांपुरतेच भरायचे.

मागणीचा अंदाज आणि मालाचा साठा हे विषय ती त्याच सत्रात पुस्तकातून शिकत होती. दोन्हींचा काही संबंध आहे, हे तिच्या गावीही नव्हतं.

"पण खाड्याला इंग्रजीत काय म्हणायचं?"

"खाडाच म्हण. आणि एका वाक्यात समजावून सांग."

उत्तर आम्ही पाचच वाक्यांचं ठेवलं. वडिलांच्या आजारपणावर एक वाक्य, सहानुभूती मिळेल इतकं लांबवायचं नाही. बाकी कामाबद्दल, आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं तिला सगळ्यात जड गेलं.

प्रत्येकाच्या गॅपमध्ये मेस नसते, हेही खरं. वर्ष नुसतंच वाया गेलेलं मूल माझ्याकडे येतं, तेव्हा त्यालाही मी सजावट करू देत नाही. "निकालानंतर सहा महिने खचलो होतो, मग अमुक सुरू केलं," एवढं सांगून पुढे जायचं. खोट्यावर दुसरा प्रश्न आला की सगळं ढासळतं. खऱ्यावर आला तर सांगायला आणखी काहीतरी असतं.

तिसरी मुलाखत एका पॅकेजिंग कंपनीत होती, ऑपरेशन्ससाठी. तिथल्या साहेबांनी विचारलं, "नऊच का? दहा का नाही?" ती म्हणाली, "भाजी रात्रीच निवडून ठेवतो आम्ही, आणि कणीक पहाटे पाचला भिजते." मग दहा-पंधरा मिनिटं मेसवरच गेली. निवड झाली.

त्या रात्री तिने घरी फोन केला आणि काय सांगितलं तेही सांगून टाकलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग वडिलांनी विचारलं, "मेंबर किती सांगितलेस?"

"साठ."

"पासष्ट होते गं."