ईव्हीच्या चुंबकात निओडिमियमऐवजी स्वस्त सेरियम का वापरत नाहीत?

दोन्ही दुर्मिळ मृदा धातू. तुमचं म्हणणं असं की आवर्तसारणीत सेरियम निओडिमियमच्या दोनच घरं अलीकडे आहे, शिवाय मुबलक आहे, मग अडतं कुठे?

वापरतात, पण बेतानं. हा चुंबक म्हणजे 2 निओडिमियम, 14 लोखंड आणि 1 बोरॉन या प्रमाणातलं स्फटिक. चुंबकत्वाचा मोठा वाटा लोखंडाचाच. निओडिमियमचं काम निराळं: त्याच्या 4एफ (अणूच्या आतल्या एका कवचातल्या) इलेक्ट्रॉनांचा ढग गोल नसतो, म्हणून तो स्फटिकाचा एकच अक्ष धरून बसतो आणि लोखंडाच्या चुंबकत्वालाही दिशा बदलू देत नाही. उलटं क्षेत्र लावलं तरी चुंबक पालटत नाही तो या हट्टामुळे.

सेरियम अगदी त्याच जागी बसतं. पीएचडीत माझ्या पहिल्या नमुन्याचा एक्स-रे आलेख इतका स्वच्छ आला की मी खूश झालो. रचना तीच, रेषा फक्त जराशा सरकलेल्या. पुढे चुंबकीय मोजमाप केलं आणि तोंड उतरलं. सेरियमकडे 4एफ इलेक्ट्रॉन एकच, आणि तोही ते धडपणे स्वतःकडे ठेवत नाही. मग अक्ष धरणार कोण? अणू आकसतो, लोखंडाचे अणू जवळ येतात, आणि या रचनेत ते फार जवळ आले की त्यांचं आपसात बिनसतं, चुंबकत्वाची एकजूट ढिली पडते. निओडिमियमच्या संयुगाचं क्युरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर चुंबकत्व टिकत नाही ते, सुमारे 312 अंश सेल्सिअस. पूर्ण सेरियमच्या संयुगाचं जेमतेम 150. ईव्हीची मोटर एवढी सहज तापते.

डिस्प्रोसियम या दुसऱ्या दुर्मिळ मृदा धातूचं उलट. हट्ट दुप्पट, पण त्याचं चुंबकत्व लोखंडाच्या विरुद्ध दिशेला, त्यामुळे एकूण ताकद घटते: शुद्ध संयुगांत 1.6 टेस्लाच्या (हे चुंबकीय ताकदीचं एकक) जागी 0.7. म्हणून ते चिमूटभरच घालतात. हल्ली तर चुंबक ज्या बारीक स्फटिककणांचा बनतो, फक्त त्यांच्या कडांवर मुरवतात, कारण चुंबक पालटायला सुरुवात बहुधा कडेपासूनच होते. मला ही युक्ती फार आवडते. एप्रिल 2025 मध्ये चीननं डिस्प्रोसियमच्या निर्यातीवर निर्बंध आणल्यावर तर तिचं मोल आणखी वाढलं.



तेव्हा थोडं सेरियम मिसळलेला चुंबक फारसा न तापणाऱ्या, हलक्या कामाला चालतो. ईव्हीच्या मोटरमध्ये मी तरी घालणार नाही.