सिंगापूरची रात्रीची शर्यत : तिकीट कुठले घ्यावे?

प्रश्न : सिंगापूरची फॉर्म्युला वन शर्यत पाहण्यासाठी ऑक्टोबर २०२६ मध्ये वडिलांना घेऊन मुंबईहून जाण्याचा विचार आहे. वडील सत्तरीचे आहेत आणि आम्ही दोघांनीही आजवर शर्यत टीव्हीवरच पाहिली आहे. पिटसमोरचे (म्हणजे टायर बदलण्यासाठी मोटारी थांबतात त्या जागेसमोरचे) महाग तिकीट घ्यावे, की आसन नसलेले ‘वॉकअबाउट’ तिकीट पुरेल? – एक वाचक, ठाणे

उत्तर : दोन्ही नको, असे माझे मत आहे. वॉकअबाउट तिकिटावर ठरलेल्या विभागात कुठेही फिरता येते हे खरे. पण मरिना बेचा मार्ग शहराच्या रोजच्या रस्त्यांवरून जातो, त्याच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटचे कठडे आणि त्यांवर उंच जाळ्या असतात, आणि दिसण्याजोगी जागा धरायची तर पहिल्या मोटारीच्या कितीतरी आधीपासून दमट उकाड्यात उभे राहावे लागते. हा उकाडा मामुली नव्हे. २०२५ मध्ये याच शर्यतीच्या वेळी उष्णतेच्या धोक्याचा अधिकृत इशारा प्रथमच देण्यात आला होता. वडिलांना आसन हवेच.

पिटसमोर बसल्यास सुरुवात आणि टायरबदल उत्तम दिसतात, परंतु एरवी मोटारी डोळ्यांसमोरून नुसत्या झर्रकन निघून जातात. रस्त्यावरच्या शर्यतीची खरी गंमत चालक ब्रेक दाबतो तिथे असते, कारण कठडा हातभर अंतरावर असताना कोण किती उशिरा ब्रेक लावतो, हे टीव्हीच्या पडद्यावर कळतच नाही. म्हणून पहिल्या तीन वळणांजवळचे आसन परवडले तर तेच घ्यावे. २०१७ मध्ये पावसात शर्यत सुटताच फेटेल, वेर्स्टापेन आणि राइकोनेन एकमेकांवर आदळले, ते या वळणांकडे जातानाच. खर्च आवरायचा असल्यास पाडांग मैदानालगतचा ग्रँडस्टँड पाहावा. तिथे मोटारींचा वेग कमी असल्याने त्या नीट न्याहाळता येतात, संध्याकाळच्या गाण्यांच्या कार्यक्रमांचे मुख्य व्यासपीठ जवळ असते आणि सिटी हॉल हे मेट्रो स्थानकही लांब नाही.

प्रश्न : तिन्ही दिवस जाणे आवश्यक आहे का? केवळ रविवारचे तिकीट घेतले तर? – वरीलच वाचक

उत्तर : एकच दिवस निवडायचा झाला तर मी शनिवार निवडेन, हे विचित्र वाटले तरी. इथे पुढच्या मोटारीला मागे टाकणे फार अवघड आहे. २०२३ मध्ये साइन्झ, २०२४ मध्ये नॉरिस आणि २०२५ मध्ये रसेल असे सलग तिघे पहिल्या क्रमांकावरून सुटले आणि जिंकले, म्हणजे निकालाचा मोठा भाग सुटण्याचा क्रम ठरवणाऱ्या पात्रता फेरीतच ठरला होता. शिवाय २०२६ मध्ये इथे प्रथमच स्प्रिंट होणार असल्यामुळे शनिवारी छोटी शर्यत आणि रविवारसाठीची पात्रता फेरी अशा दोन्ही गोष्टी पाहायला मिळतील. शुक्रवारी सरावाचे एकच सत्र आणि मग स्प्रिंटची पात्रता फेरी असते. वडील थकत असतील तर हा दिवस खुशाल सोडावा.

रविवारची शर्यत मात्र लांबते. ६२ फेऱ्यांना पावणेदोन तासांच्या आसपास वेळ लागतो, आणि २०२२ मध्ये पावसामुळे ती सुरूच तासाभराहून अधिक उशिरा झाली होती. २००८ पासून २०२३ पर्यंतच्या प्रत्येक शर्यतीत सेफ्टी कार, म्हणजे अपघातासारख्या प्रसंगी सर्वांच्या पुढे राहून वेग रोखणारी मोटार, बाहेर आली. ती न येता शर्यत पार पडली ती २०२४ मध्ये पहिल्यांदा. पावसाचा भरवसा नाही, तेव्हा अंगावर घालायचा पातळ रेनकोट जवळ ठेवावा. छत्री उघडली की मागच्या रांगेची शर्यत संपते.

प्रश्न : ही शर्यत रात्रीच का घेतात? – एक वाचक, सांगली

उत्तर : प्रामुख्याने युरोपातील प्रेक्षकांसाठी. सिंगापुरात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा तिकडे दुपार असते, आणि आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. त्यामुळे चालक आणि संघही तो आठवडा युरोपच्या घड्याळानेच काढतात : पहाटे झोपणे, दुपारी न्याहारी.

प्रश्न : शर्यत संपल्यावर गर्दीतून बाहेर कसे पडावे? – एक वाचक, ठाणे

उत्तर : लगेच निघूच नये. विजेत्यांचा सोहळा झाला की प्रेक्षकांना मार्गावर उतरू देतात, तेव्हा चिकटलेल्या रबराचे काळे पट्टे जवळून पाहता येतात आणि तोवर मेट्रोची पहिली झुंबडही ओसरते. आपल्या तिकिटावर छापलेला प्रवेशद्वाराचा क्रमांक आणि त्याच्या जवळचे स्थानक वडिलांनाही आधीच सांगून ठेवावे, कारण रस्ते बंद असल्यामुळे चुकीच्या दाराने बाहेर पडल्यास बराच मोठा वळसा पडतो.