मुलाला व्यसनमुक्तीला नेलं तर पोलीस केस होते का?

नागपुरातल्या नंदनवनच्या एका आईने आल्या आल्या हेच विचारलं (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). मुलगा २२ वर्षांचा. पाठदुखीसाठी सुरू झालेलं ट्रॅमॅडॉल हे वेदनाशामक आता रोज १०० मिलिग्रॅमच्या आठ-दहा गोळ्यांवर गेलेलं. कायदा फार कडक आहे हे ऐकून घरच्यांनी त्याला खोलीत कोंडलं. सापडलेल्या स्ट्रिपा वडिलांनी ‘डॉक्टरांना दाखवू’ म्हणून आपल्या कपाटात ठेवल्या. दोन्ही उपाय अंगाशी येणारे.

आधी कपाटाचं. ट्रॅमॅडॉल २०१८ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. ५ ग्रॅमपर्यंत ‘अल्प प्रमाण’, शिक्षा एक वर्षापर्यंत. २५० ग्रॅमच्या वर ‘व्यापारी प्रमाण’, १० ते २० वर्षं, आणि जामीन जवळपास विसराच. मेख वजनात आहे. निव्वळ औषध नव्हे, अख्खी गोळी तोलली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात हेच कायम केलं. दहा गोळ्यांत औषध एकच ग्रॅम; पण एक गोळी ४०० मिलिग्रॅम भरली तर स्ट्रिप ४ ग्रॅमची, म्हणजे दुसऱ्याच स्ट्रिपला ५ ग्रॅमची हद्द ओलांडली. डॉक्टरची चिठ्ठी नाही, आणि कपाट वडिलांचं.

आता आईचा प्रश्न. उपचार मागणं हा गुन्हा नाही, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गोपनीय असते. सेवनाची किंवा अल्प प्रमाणाची केस आधीच झाली असली तरी, व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर एनडीपीएसचं कलम ६४-ए खटल्यापासून संरक्षण देतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. म्हणून ओपीडी कार्ड, भरती आणि डिस्चार्जचे कागद एका फाइलमध्ये ठेवायचे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

कोंडण्याबद्दल: गोळी बंद झाली की दिवसभरात जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, जुलाब सुरू होतात. एवढ्या डोसवर फिटही येऊ शकते, आणि ती बंद दाराआड आली तर कोणाला कळणारही नाही. मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या ओपीडीत डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. गोळी सुटल्यानंतरचे आठवडे जास्त जपायचे: शरीराची सवय मोडलेली असते, जुना डोस घेतला तर श्वास थांबू शकतो.

ओपीडीला जाताना रिकामी स्ट्रिप न्या. नाव आणि मिलिग्रॅम तिच्यावर असतात. जायच्या आधी काही विचारायचं असेल तर १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा.